ईसीएम निघता निघेना

पांढुर्णा-सौसरकडे एखाद्या घराची ऐपत जोखायची असेल तर खसरा-खतौनी मागत बसू नये. दारातली पिकअप बघावी. टायर नवे दिसले तर मागचा आंबिया चांगला गेला. फाळक्यावरचा रंग ताजा असेल तर घरात नुकतंच लग्न होऊन गेलं. आणि भर हंगामात गाडी ताडपत्री पांघरून दारात उभी असेल तर मालक एक तर बँकेत आहे, नाहीतर मिस्त्रीकडे.

कागदोपत्री ही गाडी मालवाहू. ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत ती आंबिया बहाराची संत्री वाहते, फेब्रुवारी-मार्चात मृग बहाराची, आणि अधल्यामधल्या दिवसांत कापूस. त्यातून जो वेळ उरतो त्यात ती वऱ्हाडी वाहते, भजनी मंडळ वाहते, जामसावळीच्या मारुतीचा नवस फेडायला निघालेलं अख्खं खानदान वाहते, आणि बाळंतपण आटोपून सासरी निघालेल्या लेकीला पाळण्यासकट पोचवून येते. आरटीओला यातली फक्त संत्री आणि कापूस मान्य आहेत.

जुन्या पिकअपला डोकं नव्हतं, आणि तोच तिचा मोठा गुण होता. डीझेलचा पंप यांत्रिक, नोझल यांत्रिक. विजेचं काम सेल्फ फिरवण्यापुरतं आणि दिवे-हॉर्नपुरतं. गाडी बंद पडली की संशयित ठरलेले असत: फिल्टर, पंप, नाहीतर नळीत शिरलेली हवा. मिस्त्री नळीचा नट ढिला करून हातपंप मारायचा, फेस थांबून स्वच्छ डीझेल यायला लागलं की नट आवळायचा आणि म्हणायचा, "मार सेल्फ." बॅटरी बसलेली असली तरी अडत नसे. चार माणसं आणि थोडा उतार असला की झालं. सातपुड्याच्या पायथ्याशी या दोन्हींची टंचाई कधीच नव्हती.

मग १ एप्रिल २०१७ पासून देशभर भारत स्टेज ४ लागू झालं आणि १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६. मधली पाचवी सरकारने गाळली. चौथीतून थेट सहावीत जाण्याची हुशारी आमच्या गावच्या शाळेत अजून कोणी दाखवलेली नाही. धूर कमी करायचा म्हणजे डीझेल अंदाजपंचे न जाळता मोजूनमापून जाळायला हवं, आणि मोजमाप म्हटलं की मुनीम आला. हा मुनीम म्हणजे ईसीएम. ॲल्युमिनियमचा वीतभर डबा, पाठीवर उष्णता सोडण्यासाठी खाचा, एका बाजूला मोठे कनेक्टर आणि त्यांत शंभरावर पिना. क्रँक किती फिरला, कॅम कुठे आहे, रेलमध्ये दाब किती, पाणी किती तापलं, ड्रायव्हरचा पाय ॲक्सिलरेटरवर किती, या चौकशा तो अखंड करत असतो आणि त्यावरून इंजेक्टरला सांगतो, आता उघड, आता मिट. जोर लागला की रेलमधला दाब हजार बारच्याही वर जातो, आणि इंजेक्टर उघडा राहतो तो सेकंदाच्या हजाराव्या भागांत मोजण्याइतका. आमच्याकडे एखादं काम 'दुपारून' होईल असं सांगतात तेव्हा ती दुपार कोणत्या दिवसाची हे विचारायची पद्धत नाही. त्या मुलखात हा मुनीम नोकरीला लागला.

गाडी ताब्यात देणाऱ्या माणसाने सांगितलं होतं की आता गाडी स्वतःचा आजार स्वतः सांगेल. हे खोटं नाही. ती पिवळा दिवा लावते. त्यावरून काहीतरी झालंय एवढं कळतं. काय झालंय हे विचारायला स्कॅनर लागतो, आणि स्कॅनर जे सांगतो त्याचा अर्थ विचारायला नागपूर लागतं.

आमच्या मामांची पिकअप बसली ती ऐन आंबियात, हौद्यात संत्र्यांची कॅरेट रचलेली असताना, पांढुर्ण्याच्या अलीकडे. सेल्फ दणकून फिरत होता, इंजिन काही लागत नव्हतं. संत्री दुसऱ्या गाडीत चढवली, कारण संत्रं कोणासाठी थांबत नाही, आणि पिकअप ट्रॅक्टरला बांधून मिस्त्रीच्या दारात आणली. मिस्त्रीने स्टिअरिंगखालच्या सॉकेटात स्कॅनर खुपसला. बराच वेळ एक गोल चाक फिरत राहिलं.

"काय म्हणते मशीन?" मामांनी विचारलं.

"यू झिरो वन झिरो झिरो म्हणते."

"म्हंजे?"

"म्हंजे डब्बा बोलूनच नाही राह्यला."

"माह्या लहाना भाऊ बारा वर्सांपासून बोलत नाही," मामा म्हणाले, "त्याले काय खोलून नागपूरले पाठवू?"

पण नागपूरला फोन लावावाच लागला. नागपूर आमचं कोण लागतं हे बाहेरच्या माणसाला समजावणं अवघड आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली, तोवर आम्ही आणि नागपूर एकाच मध्य प्रदेशात होतो, राजधानीच नागपूर होती. मग नागपूर विदर्भासकट मुंबई राज्यात गेलं आणि छिंदवाड्याबरोबर सौसर-पांढुर्णा इकडे राहिलं. २०२३ च्या ऑक्टोबरात पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला, त्यामुळे कलेक्टर आता घरचा आहे. पण अर्ज भोपाळला आणि आजार नागपूरला ही वाटणी काही बदलली नाही. गुडघा नागपूर, अँजिओग्राफी नागपूर, लग्नाचा बस्ता नागपूर. ईसीएमने वेगळं कुठे जायचं?

नागपूरच्या कारागिराने फोनवर सांगितलं, "गाडी आणू नका, डब्बा तेवढा काढून आणा." फोनवर हे फार सोपं वाटलं.

डबा कुठे बसवावा यावर गाड्यांच्या कंपन्यांचं एकमत नाही. कोणी बॉनेटखाली बॅटरीच्या शेजारी बसवतं, कोणी सीटखाली, कोणी डॅशबोर्डच्या आत. आमच्या गाडीत तो क्लीनरच्या पायाशी, डाव्या बाजूच्या प्लॅस्टिकच्या झाकणामागे होता. म्हणजे जिथे क्लीनर चपला काढतो, पाण्याची कॅन ठेवतो आणि पावसाळ्यात ओली छत्री टेकवतो, त्याच्या बरोबर मागे गाडीची सगळी अक्कल. त्यातून मामांना गाडी धुण्याची हौस. पोळ्याच्या दिवशी बैलांच्या आधी पिकअपला आंघोळ असते, आणि ती बादलीने नव्हे, पंपाच्या धारेने, आतून-बाहेरून. वर समोरच्या काचेचं रबर जुनं. पाऊस बाहेर थांबला तरी आत ठिबकत राहतो.

मिस्त्रीने आधी बॅटरीची काळी तार काढून बाजूला वळवली, थोडा वेळ जाऊ दिला, आणि मग डोकं क्लीनरच्या पायाशी व पाय दाराबाहेर अशा आसनात तो आडवा झाला. माझ्या हातात मोबाइलचा उजेड आला. गॅरेजमधला याहून वाईट हुद्दा मला माहीत नाही. मिस्त्रीला उजेड जिथे हवा असतो तिथे नेमकं त्याचंच डोकं असतं, आणि दोष उजेडाचा. "इकडं. इकडं नाही, तिकडं. अजून खाली. डोळ्यात नका मारू." पाना हातातून निसटला तर शिवी बोल्टला पडते, पण नजर उजेडवाल्याकडे जाते.

झाकण निघालं. मागे एक संसार होता. मामांच्याच शेतातल्या कापसाची मऊसूत गादी, त्यावर संत्र्याच्या वाळक्या साली, एका लग्नपत्रिकेचा तुकडा, ज्यावर 'आग्रहाचे' एवढंच शिल्लक होतं, आणि या सगळ्यावर वायरच्या प्लॅस्टिकचा रंगीबेरंगी भुगा. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात. ते झिजवायला त्याला काहीतरी कुरतडावंच लागतं. मालक घरी नव्हते. मिस्त्रीने गादी बोटाच्या चिमटीत धरून बाहेर ठेवली आणि काम पुढे चालू केलं. तिथेच थांबून तो भुगा कुठल्या वायरीचा हे कोणी विचारलं असतं तर हा लेख अर्ध्यावर संपला असता.

पहिला झगडा कनेक्टरशी. तो ओढून निघेना. मिस्त्रीने ओढला, मिस्त्रीच्या हाताखालच्याने ओढला, मग मामांनी बाह्या सारल्या. आमच्या गावाला ओढून काढण्याचा अनुभव दांडगा आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवून त्याला झेंडा बांधतात, एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव, आणि दगडांच्या वर्षावातून पोहत-धावत जाऊन ते झाड कुऱ्हाडीने तोडून आणायचं. ती गोटमार. माणसं जखमी होतात, जीवही गेलेले आहेत. बंदोबस्त लागतो, डॉक्टरांची पथकं बसतात, बंदीचे आदेश निघतात आणि तरी गोटमार होते. असल्या गावाने दोन बोटं रुंदीच्या प्लॅस्टिकपुढे हार मानायची म्हणजे काय! मामांनी पाय दरवाजाच्या चौकटीला लावला.

तेवढ्यात मिस्त्रीचा पोरगा शाळेतून आला. दप्तर न काढताच आत वाकला, कनेक्टरच्या कडेची नखाएवढी खिट्टी दाबली आणि वरचा प्लॅस्टिकचा दांडा एका बोटाने उलटा फिरवला. कनेक्टर हळूच, आवाजसुद्धा न करता, आपणहून वर आला. "व्हिडिओत दाखवते," पोरगा म्हणाला आणि पोहे खायला घरात गेला. मामांनी पाय चौकटीवरून काढला आणि पायावरची धूळ झटकली.

आता बोल्ट. डबा एका पत्र्याच्या ब्रॅकेटवर चार बोल्टांनी आवळलेला. तीन कुरकुरत का होईना, निघाले. चौथा कोपऱ्यातला, काचेखालून ठिबकणाऱ्या पाण्याच्या बरोबर वाटेवरचा. स्टीलचा बोल्ट ॲल्युमिनियमच्या आट्यांत वर्षानुवर्षं ओला राहिला की ॲल्युमिनियम झिजत जातो आणि त्याची पांढरी भुकटी आट्यांत अशी भरते की बोल्ट आणि डबा मिळून एकच वस्तू होते. त्याला मात्र दहा नंबरचा पाना लागतो. आणि दहाचा पाना गॅरेजात नव्हता.

ही पांढुर्ण्याची बदनामी समजू नये. जपानी आणि युरोपियन गाड्यांत दहा मिलिमीटरच्या डोक्याचा बोल्ट जागोजागी असतो, त्यामुळे हा पाना सारखा हातात असतो, आणि सारखा हातात असलेली वस्तू हमखास हरवते. साऱ्या जगातले मेकॅनिक यावर विनोद करतात. डब्यात आठ आहे, नऊ आहे, अकरा आहे, बारा आहे, मधला दहाच नाही. आमच्या मिस्त्रीचा दहाचा पाना सौसरच्या एका मिस्त्रीने नेला होता, असं आमच्या मिस्त्रीचं म्हणणं. सौसरच्या मिस्त्रीला फोन केला तेव्हा तो म्हणाला की तो पाना मुळात त्याचाच होता. शेवटी मोठ्या पक्कडीने प्रयत्न झाला आणि बोल्टाच्या डोक्याचे सहा कोपरे गोल झाले. यानंतर दहाचा पाना सापडला असता तरी उपयोग नव्हता.

गॅरेजासमोर एव्हाना बैठक भरली होती. आमच्याकडे उघडं बॉनेट आणि उघडं दार दिसलं की न थांबता पुढे जाणं उद्धटपणाचं समजतात. सौसरच्या छोट्या लाइनवर नोकरी केलेले एक आजोबा होते. ती नागपूर-छिंदवाडा नॅरोगेज २०१५ साली ब्रॉडगेज करायला म्हणून बंद झाली, आजोबा अजून चालू आहेत. त्यांचा सल्ला, तापवा. इंजिनाचा नट गरम झाल्याशिवाय आयुष्यात कधी सुटला नाही. तापवल्यावर आतला सर्किट बोर्ड वितळेल, असं मिस्त्रीने सांगितलं. आजोबा म्हणाले, मग असलं नाजूक गाडीत लावलंच कशाला. याला कोणाजवळ उत्तर नव्हतं. एक जण कोल्ड्रिंक ओता म्हणाला. दुसरा घासलेट म्हणाला आणि मग रेशनवरचं घासलेट कुठे गेलं यावर अर्धा तास चर्चा झाली. गुरुजींनी शंका काढली की बोल्ट उलट्या आट्यांचा नसेल कशावरून. समोरचा वेल्डर धावत आला. बोल्टाच्या गोल डोक्यावर एक नट वेल्डिंग करू आणि त्याला पाना लावू. युक्ती खरी आहे, ट्रकच्या चेसीसवर ती रोज वापरतात. पण ईसीएमला चिकटलेल्या बोल्टावर वेल्डिंगचा करंट सोडणं म्हणजे डबा जिवंत असलाच तर त्याचीही खात्री करून टाकणं. गाडीला कुठेही वेल्डिंग करायचं असलं तरी आधी बॅटरी आणि ईसीएमचे कनेक्टर सोडवून ठेवतात, ते याच भीतीने. मिस्त्रीने वेल्डरला चहा पाजून परत पाठवलं.

मग कोणीतरी नारळाचा विषय काढला. सौसर तालुक्यातल्या जामसावळीचा मारुती आडवा पहुडलेला आहे. मूर्तीखाली धन आहे म्हणून काही जणांनी ती हलवायला घेतली, तेव्हा मारुतीराया आडवे झाले आणि मग कोणाच्या बापाला हलले नाहीत, अशी गोष्ट सांगतात. जे जागचं हलत नाही त्याला हात जोडून मोकळं व्हावं, ही आमच्या तालुक्याची जुनी रीत. मामा नारळ आणायला निघाले सुद्धा.

मिस्त्री मात्र अजून आडवाच होता. आतून त्याचा आवाज आला, "बोल्ट डब्ब्याले सोडत नाही नं? नको सोडू. जोडीनं सासरी पाठवू." त्याने डब्याचा नाद सोडून ब्रॅकेटकडे मोर्चा वळवला होता. ब्रॅकेट बॉडीला तीन नटांनी धरलेलं, ते नट ग्लोव्हबॉक्समागे कोरड्यात, बारा नंबरचे, आणि बारा नंबरचा पाना घरात होता. ग्लोव्हबॉक्स काढला. आतून मामांची दोन वर्षांपूर्वी हरवलेली परमिटची झेरॉक्स निघाली, तिचा वेगळा सोहळा झाला. नट सुटले. डबा, ब्रॅकेट आणि चौथा बोल्ट असे तिघं एकमेकांना न सोडता बाहेर आले.

तिघांना दुपट्ट्यात गुंडाळून मामा दुसऱ्या दिवशी नागपूरच्या गाडीत बसले, मला बरोबर घेऊन. खिडकीची जागा डब्याला. शेजारच्या बाईंनी विचारलं, अस्थी आहेत का. मामा म्हणाले, अजून नाही.

नागपूरच्या कारागिराचं टेबल बघण्यासारखं होतं. देशी-विदेशी डबे झाकणं उघडून ओळीने पडलेले. त्याने आमच्या डब्याला टेबलावरच वीज दिली, अर्थिंग दिलं, कॉम्प्युटर जोडला. क्षणात पडद्यावर अक्षरं धावू लागली: गाडीचा चेसीस नंबर, किलोमीटर, जुन्या कोडांची यादी.

"बोलतोय की हा," कारागीर म्हणाला.

"मंग आमच्याशी काहून बोलत नव्हता?"

"गाडीतून याला वीज पोचत नसेल. अर्थिंगची वायर बघितली होती का? मेन रिले? फ्यूज?"

मामांनी माझ्याकडे बघितलं. मी उजेडवाला, निदान माझ्या खात्यात येत नाही. डबा न बोलण्याची ठळक कारणं दोन: डबा मेलेला असतो, नाहीतर त्याच्यापर्यंत वीज किंवा तिची परतीची वाट पोचत नसते. स्कॅनरला हा फरक कळत नाही, तो दोन्हीला एकच कोड देतो. नवा ईसीएम घेतला असता तर हजारोंचा फटका, त्यात त्याला गाडीच्या चावीची ओळख करून द्यायला वेगळं कोडिंग. कारागिराने तपासणीचे तेवढे पैसे घेतले आणि चौथा बोल्ट काढून देऊ का म्हणून विचारलं. मामा म्हणाले, राहू द्या.

परत येऊन मिस्त्रीने उंदराच्या बिऱ्हाडामागचं वायरिंग टेप सोडवून पाहिलं. जाड काळी अर्थिंगची तार दोन तारांवर लोंबकळत होती. नवा लग बसवला, तार सोल्डर केली, वरून टेप, त्यावर प्लॅस्टिकची जाळीदार नळी. ब्रॅकेट त्याच तीन नटांनी जागेवर. चावी फिरवली, पहिल्या सेल्फला इंजिन लागलं. आजोबा म्हणाले, तापवलं असतं तर नागपूरला जायची पाळी आली नसती. त्यांच्याशी वाद घालायचा नसतो.

तेव्हा पिकअपवाल्यांनो, हंगामात गाडी अचानक मुकी झाली तर पाने-पक्कड काढण्याआधी फ्यूज बघा, रिले बघा, आणि अर्थिंगची तार हाताने हलवून बघा. डबा काढायचाच असेल तर बॅटरीची काळी तार सगळ्यांत आधी काढा आणि कनेक्टर ओढू नका, खिट्टी शोधा. परत बसवताना बोल्टाच्या आट्यांना थोडं ग्रीस लावा. गाडी हवी तेवढी धुवा, फक्त पंपाची धार डॅशबोर्डखाली मारू नका. कापूस भरून आणलात की केबिन झाडून घ्या. आणि सौसरच्या मिस्त्रीला विनंती आहे की दहाचा पाना कोणाचा हे नंतर ठरवू, सध्या तो पांढुर्ण्याला पाठवून द्यावा. मृगाची संत्री तोडायला आली आहेत.